रडणाऱ्यांत मेदेर नव्हता

माझा चहाचा मोठा समोवार सल्किनच्या घरी राहिला होता. सामतच्या मातीला आलेली माणसं पांगली होती, म्हणून तो घेऊन यावा अशा बेताने मी निघालो. दुपार होती. हे आधीच सांगतो, कारण लोकांना वाटतं अशा गोष्टी फक्त अंधारात घडतात. भरपूर उजेड होता. बर्फ पडायला लागलं होतं, वारा अजिबात नव्हता, आणि सबंध गावाला तीन दिवस शिजलेल्या मटणाचा वास येत होता.

अंगात सामतचा कोट होता. आमच्यात प्रेताला अंघोळ घालणाऱ्यांना मेलेल्याचे कपडे वाटून देतात. मी त्याचा उजवा हात धुतला होता, तो कोट माझ्या वाट्याला आला. नखांखाली सिमेंट होतं, काही केल्या निघालं नाही. शेवटी मी तसंच राहू दिलं. पोराचं कष्टाचं होतं ते.

सल्किन माझ्या चुलतभावाची विधवा. दोन मुलगे, दोघेही आईला आपा म्हणत. थोरला मेदेर, रशियात इमारतींच्या कामाचे ठेके घेतो. धाकटा सामत त्याच्याच हाताखाली होता. एका पहाटे परांचीवरून पडला आणि पत्र्याच्या पेटीतून घरी आला. मेदेर, धाकट्यापेक्षा उंच आणि खांद्यांनी रुंद, पेटीबरोबर आला, पातळ काळ्या कोटात, पायात चकचकीत बूट, मनगटावर काळ्या काचेचं घड्याळ.

मला तो पोर आवडत नसे, लपवत नाही. लहानपणी मी त्याला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली आहे, म्हणून बोलताना जीभ जरा मऊ होते, एवढंच. आमच्याकडे घरात मयत झालं की अंगणात जाड लोकरी नमद्याचा तंबू उभारतात आणि त्यात मेलेल्याला ठेवतात. घरातले पुरुष बाहेर काठीवर वाकून उभे राहतात. माणूस येताना दिसला की मोठ्याने रडायचं, मेलेल्याला हाक मारून. "माझ्या काळजा!" असं. मी रडलो, माझे मुलगे रडले, पार दुसऱ्या खोऱ्यातून आलेले रडले. मी मेदेरच्या हातात काठी दिली, तर त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली.

"मला नाही जमणार हे नाटक, आबा," तो म्हणाला. "मटणासाठी आलेत सगळे. त्यांच्यापुढे गळा काढू?"

खरं सांगायचं तर काही मटणासाठीच आले होते. एकजण तर रडता रडता माझ्या मुलाला विचारत होता, घोडा कापलाय की मेंढ्यांवरच भागवलंय. पण रडला तो. मेदेर तीन दिवस नुसता घड्याळाकडे बघत उभा होता. कब्रस्तानात सगळ्यांनी मातीची ओंजळ टाकली, त्याने बुटाच्या टोकाने ढकलली. हेसुद्धा मी पाहिलं.

तर मी अंगणात शिरलो. तंबू अजून उभा होता, त्या संध्याकाळी उतरवायचा होता. सल्किन दारात आली. माझ्या अंगावरचा कोट पाहून थबकली, मग बाहीवरून एकदा हात फिरवला.

"मुकाशभावजी, बसा. मेदेरचा फोन सापडत नाहीये."

"दुसरा घेईल. त्याला काय कमी आहे?"

"फोनचं नाही हो… सामतचं बोलणं आहे त्यात."

तिचा फोन बटणांचा, जुना. त्यावर बोलणं साठवून पाठवता येत नाही. म्हणून सामत आईसाठी जे काही बोलायचा ते दादाच्या फोनवर पाठवायचा, आणि दादाने आईला फोन करून ते ऐकवायचं, असं ठरलेलं. शेवटचं बोलणं तो पडला त्याच पहाटे आलं होतं. मेदेरने ते उघडलंच नव्हतं.

"तंबू उतरायच्या आत ऐकायचंय मला," सल्किन म्हणाली. "तंबू आहे तोवर तो घरात आहे. एकदा उतरला की…"

आतून मेदेरचा आवाज आला. "मिळेल गं आपा! पळून जात नाही तो. शंभर भुकेली तोंडं जेवून गेलीत इथून, त्यातल्याच कुणीतरी खिशात घातला असणार."

तो बाहेर आला, मला पाहिलं, आणि शब्द मागे घेतला नाही.

"बघा आता गंमत," तो म्हणाला. "हे घड्याळ तुमच्या घोड्यापेक्षा शहाणं आहे, आबा. काचेवर बोट टेकवलं की फोन जिथे असेल तिथून ओरडतो. मुका करून ठेवला असला तरी ओरडतो. फक्त जवळपास असला पाहिजे."

"माझा घोडा हाक न मारता येतो," मी म्हणालो.

"म्हणूनच अजून घोड्यावर आहात," तो हसला आणि त्याने बोट टेकवलं.

तंबूतून घंटी वाजली. बारीक, एका लयीत, लहान मूल काचेवर चमचा आपटतं तशी.

"बघितलंत?" मेदेर ऐटीत चालत गेला. मी मागोमाग. त्याने दारावरचा नमदा बाजूला सारला, आणि घंटी बंद झाली.

आत कुणी नव्हतं. पाहुण्यांच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. डाव्या हाताला, जिथे सामतला ठेवलं होतं, तिथला पडदा सोडलेला. जाळलेल्या अर्चाच्या डहाळ्यांच्या धुराचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक, ओल्या सिमेंटचा. मेदेरने पडदा ओढला, गाद्या उलट्या केल्या, झटकल्या. काही नाही. त्याने घड्याळ पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"सापडला म्हणतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी फोन हातात घेऊन आवाज बंद केला. हाताने बंद केल्याशिवाय थांबत नाही तो." त्याने मान वर केली. "कोण आहे रे? बाहेर ये, चोरा!"

तंबूत कोण लपणार? पण माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते.

त्याने पुन्हा बोट टेकवलं. या वेळी घंटी बाहेर वाजली. भिंतीच्या नमद्याला लागून, हाताच्या अंतरावर. आणि ती चालत होती. तंबूभोवती, सावकाश, एखादा माणूस दार शोधत फिरतो तशी. आम्ही दोघे आत उभे राहून आवाजाबरोबर फिरत होतो. दारापाशी येऊन ती थांबली. बंद नाही झाली… थांबली, आणि मग जवळ आली. अगदी जवळ.

मेदेर माझ्याकडे बघत होता.

"आबा," तो म्हणाला, "तुमच्या खिशात वाजतोय."

खरंच होतं. कोटाच्या उजव्या खिशातून घंटी येत होती.

"वा! म्हातारपणी हे धंदे? आणि वर रडून दाखवलं तीन दिवस!" त्याने माझी कॉलर धरली आणि खिशात हात खुपसला. दारात सल्किन येऊन उभी होती. तिच्यादेखत माझी झडती घेतली त्याने. मला राग नाही आला. मला त्याची किळस आली, आणि किळस येतेय याचंच वाईट वाटलं.

त्याचा हात रिकामा बाहेर आला. घंटी वाजतच होती. त्याने अस्तर चाचपलं, दुसरा खिसा पाहिला, छातीवरचा पाहिला.

"हा कोट मी घातला होता," तो स्वतःशीच पुटपुटला. "परवा, थंडी वाजत होती तेव्हा. खुंटीवर होता…"

"सामतचा कोट घातलास?" सल्किनने विचारलं. "वाटायच्या आधी?"

"थंडी वाजत होती, आपा! कोट कोट असतो!"

मेलेल्याचा कपडा घरच्यांनी अंगाला लावायचा नसतो. पोरंसोरंसुद्धा जाणतात. फोन त्याने तेव्हाच त्यात ठेवला असणार आणि विसरला असणार. तसाच तो माझ्याकडे आला. इतकं कळण्यासारखं होतं. पण मग खिसा रिकामा का?

मी माझा हात खिशात घातला.

तिथे हात होता.

गार, ओलसर हात. त्याने माझी बोटं धरली, घट्ट नाही, गर्दीत मूल धरतं तशी. करंगळी वाकडी होती. ती करंगळी माझ्याच घोड्यावरून पडून मोडली होती, मीच काटक्या लावून बांधली होती. मी ओरडलो नाही. ओरडणार कसा? मी मनात म्हणालो, सामत, बाळा, दे इकडे. बोटं सैल झाली आणि तळहातावर काहीतरी जड ठेवलं गेलं. घंटी थांबली.

मी फोन बाहेर काढला आणि सल्किनच्या हातात दिला. मेदेर पुढे झाला, पण तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो जागीच राहिला.

"लाव," ती म्हणाली. "माझ्या हातात असू दे आणि लाव."

त्याने काचेवर बोट फिरवलं. तंबूत सामतचा आवाज भरला.

"आपा, मी आहे. बरा आहे. अजून उजाडायचंय इथे. बाकीचे खाली चहा पिताहेत, मी वर एकटाच आहे…" मग बराच वेळ नुसता श्वास. "आपा, आपल्याकडे कुणी गेलं का गं? मघापासून रडणं ऐकू येतंय. इथे कोण रडणार आपल्या भाषेत? तुझा आवाज आहे. माझं शिंगरू बर्फात गेलं, खोगीर कुणाच्या हाती देऊ, असं म्हणतेयस तू…"

सल्किन मटकन खाली बसली. तो विलाप तिने परवा केला होता, त्याच्या प्रेताशेजारी बसून. आमच्या बायका रचलेलं म्हणत नाहीत, तोंडाला येईल ते म्हणतात. परवाच्या आधी ते शब्द जगात नव्हते.

"मुकाश आबा रडताहेत. त्यांचे मुलगे रडताहेत. सगळे आहेत… दादाचाच आवाज नाही." सामतचा श्वास वाढला. "आपा, दादा गेला का? दादाच गेला ना? म्हणून तो रडत नाहीये. थांब, मी येतो… मी निघालोच, आपा…"

घाईघाईची पावलं. लोखंडावर काहीतरी घसरल्याचा आवाज. मग काहीच नाही.

बर्फ पडताना आवाज होत नाही म्हणतात, पण मला तो ऐकू येत होता.

"रड, मेदेर," सल्किन हळूच म्हणाली.

"आपा, हे काहीतरी… फोन बिघडलाय…"

"रड रे पोरा. त्याला कळू दे तू आहेस ते. अजून तंबू आहे. रड."

तो हसायला गेला, जमलं नाही. बाहेर जाऊन त्याने भिंतीला टेकवलेली काठी घेतली. वाकला. अगदी नीट, बापाच्या मातीला लहानपणी वाकला होता तसा. तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, चेहरा लाल झाला. आवाज आला नाही. त्याने पुन्हा तोंड उघडलं. तोंडातून वाफ निघत होती फक्त. माझ्याकडे बघितलं त्याने, आणि त्या नजरेत घमेंड नव्हती, काहीच नव्हतं. मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझी सगळी किळस तिथेच गळून पडली.

तेव्हा आमच्या मागे, रिकाम्या तंबूत, पुरुषाचं रडणं सुरू झालं.

तरुण आवाज. मोठ्याने, रीतीप्रमाणे, हाक मारून.

"माझ्या काळजा! दादा रे… माझ्या काळजा!"

मेदेरने काठी टाकली आणि गाडीकडे धावला. फोन घेतला नाही, आईचा निरोप घेतला नाही. बर्फात गाडीचे दिवे दिसेनासे होईपर्यंत तंबूतलं रडणं चालू होतं. मग ते थांबलं, रडून दमलेलं माणूस थांबतं तसं.

तंबू उतरवायला माझे मुलगे आले. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांनी काठ्या काढल्या, दोर सोडले. डाव्या बाजूचा जमिनीवरचा नमदा गुंडाळायचा राहिला होता. त्यावर सामत निजला होता तिथे अंगाचा खळगा पडला होता, तो पडतोच. त्याला लागून दुसरा खळगा होता, जास्त लांब, खांद्यापाशी रुंद.

सल्किनने त्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. माझ्याकडे बघत राहिली.

मीही वाकून हात ठेवला. ऊब होती.