नववी फाइल

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण हे घडलंय. माझा मावसभाऊ निकेत चौलच्या घरी एकटा होता. गेल्या सप्टेंबरात.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

निकेत घरूनच सॉफ्टवेअर तपासतो. काम मच्छीमारांच्या ॲपचं होतं. संकटातल्या बोटीचा मेसेज आधी तात्पुरत्या फाइलीत उतरतो, किनाऱ्यावर पोचला की फाइल पुसली जाते.

अनेक मेसेज एकदम आले तर? हेच तपासायचं होतं. ह्या शहाण्याने एकच मेसेज टाकून पाहिला आणि 'पास' लिहून मोकळा झाला.

ऑगस्टच्या वादळात दोन बोटींनी एकदम मेसेज पाठवले. दोन्ही एकाच नावाच्या फाइलीत पडले. दुसऱ्याने पहिला पुसला.

पहिला गावातल्याच भिकूचा होता. भिकू बुडाला.

लोक म्हणाले, पिऊन पडला असेल, मेसेज केलाच नसेल. निकेतला ॲपच्या नोंदी पाहून खरं कळलं होतं. तो मूग गिळून बसला.

भिकूची बायको तुळशी दारावर मासळी घेऊन यायची. म्हणायची, "माझ्या मानसानं मेसेज धाडला व्हता. गेला कुठं त्यो?"

त्या दुपारी निकेतने चूक गुपचूप दुरुस्त केली आणि चाचणी लावली. आठ थ्रेड, म्हणजे आठ मेसेज एकदम. आठ फाइली बनायला हव्यात, आठही पुसल्या जायला हव्यात.

फोल्डरमध्ये एक उरली...

नववी.

त्याने उघडली. 'बोटीत पानी भरलंय.'

पुसली. परत आली.

नेट बंद केलं. तरी आली...

तेवढ्यात बोटीच्या इंजिनाचा आवाज. टक... टक... टक...

समुद्र घरापुढे आहे. आवाज मागून येत होता, सुपारीच्या वाडीतून.

मागच्या दाराशी येऊन तो थांबला.

फाइलीत आता एकच शब्द होता.

'येतो.'

निकेत अनवाणीच तुळशीकडे धावला. सगळं कबूल केलं, पाया पडला. तिने मासळी साफ करता करता ऐकून घेतलं.

"दर्यात जाताना 'येतो' बोलला व्हता," ती म्हणाली. "माझ्याकडं न्हाय आला. तुझ्याकडं आलाय तर ऱ्हाऊ दे."

ती फाइल अजून पुसली जात नाही.

आमच्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, अशुभ मानतात. निकेतच्या घरून निघताना मात्र आम्ही सगळे 'जातो'च म्हणतो.

गेल्या रविवारी सवयीने माझ्या तोंडून 'येतो' निघून गेलं...

मागच्या वाडीत इंजिन सुरू झालं.