तीन लांब बोर्ड

"इतक्या सामानात तुमचं छत होईल, शेजारणीचं होईल आणि उरलेल्यात तिच्या कोंबड्यांचंही होईल."

आवाज माझ्या खांद्यामागून आला. मी यादी पटकन छातीशी धरली.

सिग्नेट गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात शनिवारी सकाळी रांग असतेच. पण मागच्या माणसाने पुढच्या बाईच्या हातातला कागद खुशाल वाचावा, हे जरा अतीच. मी रागाने वळले. आधी दिसले ते पांढरे केस. मग पांढऱ्या भुवया. आणि त्यांच्याखाली हसणारे, जेमतेम तिशीचे डोळे. तो सगळा पांढरेपणा प्लास्टरच्या भुकटीचा होता.

"रुबेन," गल्ल्यावरच्या मर्लबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "त्यांच्या कागदातून डोकं काढ."

"वाचत नव्हतो, मर्ल. अक्षर इतकं सुरेख आहे की ते आपणहून दिसतं." मग माझ्याकडे बघून, "खोली केवढी आहे?"

सांगायचं नव्हतं. पण आकडे कुणी विचारले की माझ्या तोंडून निघतातच. "तीन मीटर साठ बाय चार मीटर वीस."

"आणि प्लास्टरचे बोर्ड नऊ?"

"छोटे आहेत. हिशेबाने सव्वापाच लागतात, म्हणून सहा. तुटफूट धरून सात. माझ्या हातून एखादा मोडणार, म्हणून आठ."

"आणि नववा?"

"नववा... असाच."

"असाच?"

"मला झोप लागावी म्हणून," मी म्हटलं, आणि कान गरम झाले.

तो हसला नाही. इतका वेळ हसणारा माणूस नेमका तेव्हा हसला नाही, एवढं मी टिपून ठेवलं. मला सगळं टिपून ठेवायची सवय आहे. माझी मुलगी टिली झाल्यापासून तर जास्तच.

"कुणाचं छत आहे?"

"माझ्या मुलीच्या खोलीचं. पॉसम पडला त्यातून."

रांगेतली तीन माणसं एकदम सहानुभूतीने पुटपुटली. सिग्नेटमध्ये पॉसम, हा झाडावरचा केसाळ प्राणी, रात्री प्रत्येकाच्याच छपरात नाचतो. पण माझ्याकडचा मांजराएवढा गलेलठ्ठ होता आणि जुनं प्लास्टर ओलं होऊन फुगलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी अर्धं छत घेऊन तो टिलीच्या पलंगावर उतरला. टिली तेव्हा बालवाडीत होती. तिला आजही वाटतं की पुडिंग (हे तिने ठेवलेलं नाव) तिला भेटायला आला होता आणि चुकामूक झाली. मला मात्र एवढंच आठवतं की त्याच्या दोन तास आधी ती त्याच पलंगावर चित्रं काढत बसली होती.

"मी प्लास्टरचंच काम करतो," रुबेन म्हणाला. "हवं तर येऊन बघतो. बघायचे पैसे घेत नाही."

"घ्यायचे असतात तेव्हाही हा कमीच घेतो," मर्लबाई म्हणाल्या. "याने लिहून दिलेला खर्चाचा अंदाज कधी बघितलाय? पाकिटाच्या मागे, पेन्सिलीने. निम्मी कामं त्यामुळेच हातची जातात."

"मर्ल, गिऱ्हाइकासमोर तरी..."

"मी गिऱ्हाईक नाही," मी घाईने म्हटलं. "मी सगळं एकटी करणार आहे."

तो माझ्या यादीकडे बघत राहिला. "हो," तो हळूच म्हणाला, "ते यादीवरून दिसतंच."

*

एकटी करणार, कारण दुसरा मार्ग नव्हता. टिलीचे बाबा गेल्या वर्षी खाणीच्या कामाला पर्थकडे गेले आणि परत यायचं विसरले. होबार्टच्या एका बिल्डरने या खोलीचे चार हजार नऊशे डॉलर सांगितले होते. माझ्याकडे दीड हजार होते. आणि होबार्टला राहणारी आई दर संध्याकाळी फोनवर होती.

"या महिन्याअखेर, दीड हजारात झालं तर राहा," ती म्हणाली होती. "नाही तर ते घराचं खोकं विक आणि पोरीला घेऊन इकडे ये. माझ्या फ्लॅटच्या छतातून जनावरं पडत नाहीत."

"तुझ्या छतावर तो बूट आपटत नाचणारा माणूस राहतो, आई."

"तो अजून खाली आलेला नाही."

मी कबूल झाले होते. खरं तर मलाच कुणीतरी एक रेघ मारून द्यायला हवी होती. आकडा रेघेच्या अलीकडे तर राहायचं, पलीकडे तर जायचं. पण अंगणातल्या सफरचंदाला कळ्या धरल्या होत्या, टिलीचा इथे दोन मैत्रिणी आणि एक पॉसम एवढा गोतावळा होता, आणि मला या घरातून जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

*

नुसतं बघायला म्हणून मी शेवटी हो म्हटलं होतं, आणि मंगळवारी रुबेन आला. केस धुतलेले होते, तपकिरी निघाले. दाराशीच टिलीने त्याला अडवलं.

"तुझी नि पुडिंगची ओळख आहे?"

"चेहऱ्याने ओळखतो," तो गंभीरपणे म्हणाला. "नाव आज कळलं."

तिने त्याला आत सोडलं.

त्याने आधी स्वयंपाकघरातला झाडू मागितला आणि दांड्याने बैठकीच्या खोलीचं छत ठोकत निघाला. टक. टक. टक.

"टक वाजलं तर घट्ट आहे," तो सांगू लागला, "आणि..."

"...ढब वाजलं तर सुटलंय," मी म्हटलं. "मी रोज ठोकते. झोपायच्या आधी. सगळ्या खोल्या."

तो थांबला. झाडू हातात, मान वर, आणि नजर तेवढी खाली माझ्याकडे. "रोज?"

"वेड्यासारखं वाटतं का?"

"नाही," तो म्हणाला. "माझे वडील ठोकायचे. चाळीस वर्षं. ते म्हणायचे, छताशी बोलणारा माणूस वेडा नसतो, ऐकणारा असतो."

छातीत कुणीतरी दांड्याने ठोकल्यासारखं वाटलं, आणि आवाज काही घट्ट आला नाही.

टिलीच्या खोलीतलं उरलेलं प्लास्टर मी आधीच उतरवून ठेवलं होतं. तो शिडीवरून तुळयांमध्ये शिरला. बराच वेळ वरून नुसता टेपचा सरकता आवाज येत होता. मग तोही थांबला.

खाली उतरला तेव्हा पेन्सिल अंगठ्याने चोळत होता. मी बघत होते. चांगली बातमी असणारा माणूस पेन्सिल चोळत नाही.

"तुळया समपातळीत नाहीत," तो म्हणाला. "मधल्या दोन तुळया चांगली दोन बोटं खाली आल्यात. बोर्ड थेट ठोकला तर छत लाटेसारखं दिसेल आणि दोन वर्षांत सांध्यांना भेगा पडतील. आधी पत्र्याच्या पट्ट्या मारून पातळी साधायला हवी. पट्ट्या, क्लिपा, स्क्रू..." तो जरा अडखळला. "तीनशे दहा. वर."

माझी यादी चौदाशे ऐंशीची होती. बेरीज माझ्या डोक्यात आपोआप झाली. सतराशे नव्वद.

"मग आम्हाला होबार्टला जावं लागेल," मी म्हटलं, आणि रेघेची सगळी गोष्ट त्याला सांगून टाकली. का सांगितली, देव जाणे.

तो ऐकत राहिला. मग खिडकीतून सफरचंदाकडे बघत म्हणाला, "हे मला आधी माहीत असतं तर..."

"तर?"

"तरी सांगितलंच असतं." त्याने मान हलवली. "फक्त वर आणखी अर्धा तास बसून राहिलो असतो."

मला हसू आलं. डोळ्यांत पाणी असताना हसू येणं फार गैरसोयीचं असतं. तो पट्ट्यांचं बोलला नसता तर मला दोन वर्षं काही कळलंही नसतं, आणि आत्ता, या क्षणी, तोही खूश असता नि मीही. पण टिली त्या छताखाली झोपणार होती. हे त्याला मी न सांगता समजलं होतं.

"चहा घेणार?" मी विचारलं. "आणि... ती यादी पुन्हा एकदा बघायची आहे मला."

*

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला. टिली खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होती. त्याला कळलं होतं. पाय तो हलवत नव्हता.

"हे काय आहे?" त्याने कोपऱ्यात उभ्या केलेल्या दोन फळ्यांकडे बोट दाखवलं. उंच दांडा, वर आडवी पट्टी.

"टेकू. जुन्या पलंगाचे बनवलेत. बोर्ड वर धरायला."

"म्हणजे हे तुमचे मदतनीस."

"उलट बोलत नाहीत, हा त्यांचा गुण."

"चहाही मागत नाहीत," तो कपात बघत म्हणाला.

मी पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचू लागले. नऊ छोटे बोर्ड. बोर्ड वर चढवायचं यंत्र, तीन दिवस भाड्याने, दोनशे चाळीस. सांध्यांची टेप, पुट्टी, भरपूर पुट्टी... आणि वाचता वाचता माझा हात थांबला. मी छोटे बोर्ड का घेतले होते? एकटीला उचलता यावेत म्हणून. छोटे बोर्ड म्हणून सांधे जास्त. सांधे जास्त म्हणून टेप नि पुट्टी जास्त. एकटी म्हणून यंत्र. एकटीला वेळ लागणार म्हणून यंत्र तीन दिवस.

पुरती अर्धी यादी एकटेपणाची होती.

"लांब बोर्ड केवढा मिळतो?" मी विचारलं.

"चार वीस मिळतो." तोही आता कागदावर वाकला होता. "रुंदी एक वीस."

तीन साठला एक वीसने भागायला मला कागद लागला नाही. "तीन," मी म्हटलं. "तीनच लागतील. बरोब्बर तीन."

"फक्त दोन सांधे," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकू लागले होते. "पण तीस किलोंच्या वर वजन आहे. एकट्याने..."

"एकट्याने नाही." मी नऊ खोडून तीन लिहिलं. "दोघांनी किती वेळ लागेल?"

त्याने बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "एक दिवस. यंत्राशिवाय."

यंत्राचे दोनशे चाळीस गेले. बोर्ड, टेप नि पुट्टीचे नव्वद वाचले. मी खाली रेघ ओढली आणि आकडा लिहिला. चौदाशे साठ.

आम्ही दोघंही त्या आकड्याकडे, जत्रेत बक्षीस लागल्यासारखे बघत राहिलो.

"त्यात तुमची मजुरी नाही," मी भानावर येत म्हटलं. "उरतात चाळीस डॉलर. फुकट काम मी करून घेणार नाही."

"मला मजुरी नको. माझ्या पाच गिऱ्हाइकांचे अंदाज लिहून दे. असे. या अक्षरात." मग दचकून, "द्या. लिहून द्या."

"दे चालेल," मी म्हटलं.

तो उठायला गेला, आणि नाड्यांसकट पुन्हा खुर्चीत बसला.

*

पट्ट्या बसवण्यात दोन शनिवार गेले. मी त्याच्या पाच गिऱ्हाइकांचे अंदाज लिहिले. तो प्रत्येक कामात वेळ कमी धरायचा, मी रागवून वाढवायचे. पाचांतल्या चौघांनी काम दिलं. "महाग आहे, पण वाचता येतं," असं एकाने मर्लबाईंना सांगितलं म्हणे.

बोर्ड चढवायचा दिवस गुरुवार. टिली बालवाडीत, महिना संपायला आठवडा. बाहेर वारा सुटला होता आणि सफरचंदाच्या पाकळ्या उघड्या खिडकीतून आत येत होत्या.

पहिले दोन बोर्ड चटकन चढले. तिसरा आम्ही उचलला, आपापल्या चौरंगावर चढलो, आणि हात ताठ करून, डोकी लावून वर दाबून धरला. आमच्यात हातभर अंतर होतं.

"ब्रॉन," तो म्हणाला.

"हं."

"एक वाईट बातमी आहे."

"छत पडतंय?"

"स्क्रूचं मशीन खिडकीत राहिलं."

मला हसू फुटलं. बोर्ड थरथरला.

"हसू नकोस, तीस किलो आहे."

"तूच हसवतोयस."

"तुझ्या पापणीवर चुरा पडलाय."

"मग पुस."

"कसा? हात वर आहेत."

वारा थांबला. रुबेन समोर न बघता, बोर्डाच्या कडेकडे बघत बोलू लागला.

"त्या शनिवारी मी दुकानात खिळे घ्यायला आलो होतो. खिळे न घेताच घरी गेलो."

"माहीत आहे. मर्लबाई म्हणाल्या."

"त्या काहीच पोटात ठेवत नाहीत." त्याने ओठ ओले केले. "मी हिशेब केलाय. पुट्टीला तीन दिवस. रंगाला दोन. म्हणजे पाच दिवसांनी... मला इथे यायला काही कारण उरत नाही. हे मला काल रात्रीपासून सहन होत नाहीये. आणि मी हे आत्ता सांगतोय, कारण आत्ता तू पळून जाऊ शकत नाहीस. हे बरोबर नाही, माहीत आहे."

माझ्या दंडांना कळ लागली होती. गेलं वर्षभर मी प्रत्येक गोष्टीत वरचे वीस टक्के धरत आले होते; वाईट घडेल म्हणून. चांगलं घडलं तर किती धरायचं, हे मला येतच नव्हतं.

"हिशेब चुकलाय तुझा," मी म्हटलं. "तू नेहमीच वेळ कमी धरतोस."

त्याने माझ्याकडे बघितलं. "किती वाढवू?"

"पाच दिवसांनी टिलीच्या खोलीत पलंग हलवायचा आहे. मग रविवारी आई येणार आहे, छत ठोकून बघायला. तू हवास. मग कळ्यांची सफरचंदं व्हायची आहेत." मी बोर्ड आणखी वर दाबला. "बराच वाढव."

तो इतका गोड, इतका बावळट हसला, की बोर्ड पुन्हा थरथरला. आणि मग त्याची नजर माझ्या मागे गेली. भिंतीशी.

"ब्रॉन... तो टेकू तुझ्या अगदी पाठीशी आहे. पाय मागे केलास तर ओढता येईल."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं, आणि पाय होता तिथेच ठेवला.