घोड्यांच्या विमानातला माणूस

विमान ढगात शिरलं आणि गदगदा हलायला लागलं, तेव्हा शेजारच्या सीटवर गाढ झोपलेल्या माणसाने डोळे न उघडताच तिच्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच थोपटलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "हो... हो... काही नाही. शहाणी ना तू? उभी राहा बघू नीट."

ती उभी नव्हती. शहाणी असण्याबद्दल घरात दुमत होतं. आणि विमान हललं म्हणून घाबरण्याचे तिचे दिवस केव्हाच मागे पडले होते. रुग्णालयांतली स्कॅनची मोठाली यंत्रं दुरुस्त करणं हे तिचं काम. कुठल्याही गावातलं यंत्र रुसून बसलं की कंपनी तिला विमानात बसवून तिकडे धाडायची. आठवड्यातले निम्मे दिवस तिचे पाय जमिनीला लागत नसत, आणि हे कौतुकाने म्हणण्यासारखं नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"अहो," ती म्हणाली, "मी बसलेलीच आहे."

त्याने डोळे उघडले. आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग हात ज्या खांद्यावर होता त्या खांद्याकडे, आणि मग खांद्याच्या मालकिणीकडे. हात असा काही मागे घेतला की समोरच्या ट्रेवरचा पाण्याचा ग्लास कलंडला.

"माफ करा. खरंच माफ करा. मला वाटलं... तुम्ही घोडी आहात."

"लोकांनी मला आजवर बरंच काही म्हटलंय," ती रुमालाने ट्रे पुसत म्हणाली, "हे मात्र नवीन आहे."

मग त्याला सगळं सांगणं भागच पडलं. शर्यतीचे, उड्या मारण्याचे, विकलेले, विकत घेतलेले घोडे मालवाहू विमानातून देशोदेशी जातात. प्रत्येकाला लाकडी खण असतो आणि सोबतीला माणूस असतो. तो माणूस म्हणजे हा. विमान वर चढताना घोड्यांचे कान दडपतात, म्हणून त्यांना चघळायला गवत द्यायचं. हादरे बसले की मानेपाशी उभं राहून बोलत राहायचं. काय बोलता याला महत्त्व नाही, आवाज चढता कामा नये, एवढंच. घोडे पोचवून झाले की परतीच्या वाटेवर तो साधा प्रवासी. आत्ताही तो परतच चालला होता, आणि त्याच्या स्वेटरच्या बाहीला वाळल्या गवताची एक काडी अडकलेली होती. मघापासून येणारा तो उन्हातल्या गंजीसारखा वास कुठून येतोय, हे तिला आत्ता कळलं. वास वाईट नव्हता. खरं सांगायचं तर विमानात इतका चांगला वास तिला कधी आला नव्हता.

"घोड्यांना खिडकी लागते का?" तिने विचारलं.

"नाही. आणि मधल्या सीटवरून कुरकुरही करत नाहीत."

"मीही केली नाही."

"तुम्ही खिडकीत बसलायत."

ती हसली, आणि हसल्यावर जरा वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण बऱ्याच दिवसांनी अनोळखी माणसाशी कामाशिवाय बोलतोय. उतरताना दोघांनी फोन नंबर घेतले. तिने तो 'घोडेवाला' म्हणून साठवून ठेवला, कारण नाव विचारून झालं तरी हेच जास्त लक्षात राहणार होतं.

पुढे जे झालं ते हळूहळू झालं, म्हणजे त्या दोघांच्या आयुष्यात जितकं हळू होऊ शकतं तितकं. तिचं वेळापत्रक यंत्रांच्या हाती, त्याचं घोड्यांच्या. एखादं यंत्र बंद पडावं, एखादी घोडी विकली जावी, आणि दोन्ही रस्ते एकाच विमानतळावर एकाच सकाळी यावेत, असं मधूनच कधीतरी व्हायचं. मग कॉफीच्या काउंटरशेजारी, पोलादी खुर्च्यांच्या रांगेत, त्यांना मिळायचा तेवढा वेळ मिळायचा. काचेच्या भिंतीवरून पावसाचे ओघळ खाली यायचे, बाहेर पिवळ्या जॅकेटमधली माणसं बॅगा फेकायची, आणि हे दोघं एकमेकांना काल कुठे होतो ते सांगायचे. तो तिची साखरेची पुडी न विचारता फोडून द्यायचा. ती त्याच्या बाहीवरची काडी काढायची. काडी नसली तरी काढायची.

चालताना तो नेहमी तिच्या डाव्या खांद्याशी चालायचा. ती मुद्दाम जागा बदलून पाहायची, तर तो मागून वळसा घालून पुन्हा डावीकडे हजर. शेवटी तिने विचारलंच.

"घोड्याला डावीकडूनच नेतात," तो ओशाळून म्हणाला. "सवय आहे."

"म्हणजे अजूनही मी घोडीच."

"नाही... घोडीला मी इतका घाबरत नाही."

अशी वाक्यं तो क्वचित बोलायचा. एरवी त्याचा आवाज सपाट, मऊ, खाली. एकदा ती घरी असताना त्याचा फोन आला आणि ताईने स्पीकरवर ऐकला. ही तिची मोठी बहीण. दोघी एकत्र राहायच्या, म्हणजे ताई राहायची आणि ही मधूनमधून येऊन कपडे धुऊन जायची. फोन ठेवल्यावर ताई म्हणाली की माणूस बरा वाटतो, पण हा प्रेमाचं बोलतोय की हवामानाचा अंदाज सांगतोय, काही कळत नाही.

"तो तसाच बोलतो."

"मग तुला कळणार कसं? त्याने काही विचारलंय का? घोडं नेमकं अडलंय कुठे?"

तिने ताईच्या विनोदावर नाक मुरडलं. पण प्रश्न तिच्या मनात ठाण मांडून बसला. कारण खरोखरच त्याने काही विचारलं नव्हतं. भेटल्यावर आनंद झाला, असं तो म्हणायचा, पण उशीर झालेल्या विमानाची घोषणा व्हावी त्याच सुरात. तिला तो आवडत होता, फार आवडत होता. आणि आपण त्याला नेमक्या किती आवडतो, याचा तिला काही थांगपत्ता लागत नव्हता.

अशातच कंपनीने तिला नवं काम देऊ केलं. लांबच्या एका गावात कंपनी शिकवणीचं केंद्र काढत होती. नव्या मुलामुलींना यंत्रं उघडून दाखवायची, जोडायला शिकवायची. तीन वर्षं मुक्काम. स्वयंपाकघर असलेलं घर, आणि विमान नाही. रोज एकाच उशीवर डोकं टेकायला मिळणार, या कल्पनेनेच तिला झोप यायला लागली. हे काम तिला हवं होतं. पण त्या गावावरून त्याचा रस्ता कधीच जात नव्हता, हेही तिला माहीत होतं. तिने मनाशी ठरवलं की आपण त्याला सांगायचं आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. तो एकदा 'नको' म्हणाला तरी पुरे. ती या कामावर हसत हसत पाणी सोडणार होती.

पुढच्या भेटीत तिने सांगितलं. त्याचा कॉफीचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला. त्याने तो खाली ठेवला, बशीचा जराही आवाज होऊ न देता. मग काचेबाहेर बघत, त्या खालच्या मऊ आवाजात म्हणाला, "चांगलं आहे. चांगलं आहे सगळं... जा तू."

"एवढंच?"

"झोप मिळेल तुला. जा."

तिला वाटलं, याने मला गेटपर्यंत पोचवून पावतीवर सही घेतली. त्याच्या विमानाची वेळ झाली, तो उठला, तिचा खांदा थोपटला आणि गेला. विमानात चढण्याच्या रांगेत उभ्या उभ्याच तिने कंपनीला होकार कळवून टाकला. घरी गेल्यावर रडली. ताईने दाराबाहेरून विचारलं तेव्हा सर्दी झालीय म्हणाली, आणि ताईने त्या सर्दीवर आलं घालून चहा केला.

निघायच्या आधी होकार दिल्याचं त्याला समोरासमोर सांगावं, असं तिला वाटलं. फोनवरून सांगून मोकळं होणं तिच्या स्वभावात नव्हतं. तो त्या आठवड्यात शहरातच होता, विमानतळामागच्या मालाच्या शेडमध्ये घोडे चढवत होता. त्याने फाटकावर तिच्याबद्दल सांगून ठेवलं. तिला पिवळं जॅकेट घालायला मिळालं, आणि आत गेल्यावर जमिनीवरच्या रंगवलेल्या रेषेपाशी मोठ्या बाईंनी तिला हात आडवा घालून थांबवलं. मोठ्या बाई म्हणजे या घोडेवाल्यांच्या प्रमुख, जनावरांच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, इथून पुढे नाही, आज एक नवखी आहे.

नवखी म्हणजे तांबडी घोडी. तिने विमान कधी पाहिलेलं नव्हतं आणि बघायची इच्छाही दिसत नव्हती. लाकडी खणात ती उभ्या उभ्या घामाने निथळत होती. अचानक तिने मागच्या पायांनी फळीवर अशी लाथ मारली की सगळी शेड दणाणली. म्होरकी धरलेला माणूस उडी मारून बाहेर आला. दोर सुटला. घोडी मान झोकायला लागली. आणि तो, तिचा घोडेवाला, कडेच्या चिंचोळ्या जागेतून आत शिरला. फळी आणि घोडी यांच्यामध्ये जेमतेम एका माणसापुरती जागा होती. घोडी नुसती त्याच्यावर रेलली असती तरी त्याच्या बरगड्यांचा चुरा झाला असता. हे समजायला तिला घोड्यांमधलं काही कळण्याची गरज नव्हती.

तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला. खाली, मऊ, सपाट.

"चांगलं आहे. चांगलं आहे सगळं... जा तू. जा पुढे. जा."

शब्दही तेच होते.

"नेहमी असंच बोलतो का हा?" तिने मोठ्या बाईंना विचारलं.

बाईंची नजर घोडीवरून हलली नाही. "जीव मुठीत धरायची वेळ आली की असा बोलतो. जितका घाबरेल तितका आवाज खाली. घोड्यांना माणसाची भीती लगेच कळते, म्हणून ती लपवायला शिकलाय. आता लपवलेली बाहेर कशी काढायची तेच विसरलाय."

घोडी हळूहळू शांत झाली. त्याने दोर बांधला, तिच्या तोंडात गवत दिलं आणि बाहेर आला. दोन्ही हात त्याने काखेत दाबून धरले. ती रेषा ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाईंनी या खेपेला अडवलं नाही.

"त्या दिवशी कॉफी पिताना," ती म्हणाली, "तू माझ्याशी याच आवाजात बोललास."

त्याने नजर पुन्हा घोडीकडे वळवली.

"किती घाबरला होतास?"

त्याने तोंड उघडलं. नेहमीचा आवाज शोधला असावा, पण तो घोडीवर खर्च होऊन गेला होता. जो निघाला तो चिरका, वर चढलेला, मधेच फाटणारा, भलत्याच कुणाचा तरी.

"तिथे घोडे जात नाहीत," तो म्हणाला.

तांबड्या घोडीने कान टवकारले. शेजारच्या खणातल्याने पाय आपटला. पलीकडचा खिंकाळला, त्याच्या पलीकडच्याने फळीला धडक दिली, आणि बघता बघता सगळी रांग अस्वस्थ झाली. ज्या आवाजाच्या भरवशावर ती जनावरं आकाशात जायची, तो आवाज असा झालेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"तुमचं जे काय असेल ते बाहेर जाऊन करा," मोठ्या बाई म्हणाल्या. "आत्ता. माझी जनावरं बिथरतायत."

दोघं बाहेर आले. पाऊस नुकताच थांबला होता आणि ओल्या डांबरावरून वारा सपासप येत होता, इंधनाचा वास घेऊन. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मग सगळं एकदम सांगत सुटला, अडखळत, श्वास न घेता. त्याने चौकशी केली होती. तिने सांगितलं त्याच दिवशी केली होती. त्या गावाला शर्यती नाहीत, तबेले नाहीत, विकणारे नाहीत, घेणारे नाहीत. मोठ्या बाईंना विचारलं, इतर कंपन्यांना विचारलं. इतक्या वर्षांत एकही घोडा तिकडे गेलेला नाही... "मग मी कसा येणार?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता. निम्मं जग पालथं घातलेल्या या माणसाच्या डोक्यात ही गोष्ट खरोखरच आली नव्हती.

"तू घोड्याशिवाय कधी कुठे गेलायस?" तिने विचारलं.

त्याने अगदी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"तिकिटं मिळतात. माणसांनाही देतात."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला त्याचे हात काही काखेतून बाहेर येत नव्हते. म्हणून तिनेच पुसले.

"मी होकार कळवलाय," ती म्हणाली. "मला ते काम हवंय. तरी त्या दिवशी नको म्हणाला असतास तर गेले नसते. आता नको म्हणू नकोस. आता तू ये... घोड्याशिवाय ये. नुसता तू."

"येतो," तो म्हणाला. त्या एवढ्याशा शब्दातही त्याचा आवाज दोन ठिकाणी फाटला, आणि तिचा लगेच विश्वास बसला.