ठमाबाईने फूल चघळलं

दार उघडलं तेव्हा समोर ओल्या केसांचा एक अनोळखी तरुण उभा होता. पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"मांजर कुठाय?"

"आपण कोण?" तिने विचारलं. चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून ती नुकतीच मावशीच्या घरी परतली होती.

"तिसरा मजला. मघाशी ग्रुपवर उत्तर दिलं ना... ते मी. म्हणजे, ते माझं नव्हतंच!"

मावशीच्या वाढदिवसाच्या गुच्छातली लिली तिच्या मांजरीने, ठमाबाईने, चघळली होती. काही होईल का, असं भाचीने इमारतीच्या ग्रुपवर विचारलं, आणि मिनिटभरात सविस्तर उत्तर आलं: लिली निरुपद्रवी, काळजी नसावी.

"एआयला विचारलं आणि तसंच चिकटवलं," तो धापा टाकत म्हणाला. "आत्ता जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. मांजरांना लिली म्हणजे विष! चला, लगेच बोलावलंय."

मावशीने रडतच मांजर शालीत गुंडाळलं. दवाखान्यात ठमाबाईला आत नेऊन सलाईन लावलं. मावशी तिच्यापाशी बसली. बाहेर बाकावर ही दोघंच.

"वाचलं तरी होतंत का?" तिने विचारलं.

"वाचलं. पटलंही. इतक्या ठामपणे लिहिलं होतं..."

"मग डॉक्टरांना का विचारलंत?"

"तुम्ही लिहिलंत, 'तुम्ही म्हणताय म्हणजे हायसं वाटलं.' ते वाचलं आणि लगेच फोन लावला. मी पोहायला शिकवतो हो... मला मांजरातलं काय कळतंय?"

"मग घाई कशाची होती?"

त्याचे कान लाल झाले.

"दुसऱ्या कुणी आधी उत्तर दिलं असतं, तर... तुमच्याशी बोलायचं राहिलं असतं."

ती बाकावरून उठली मात्र नाही.

दोन दिवस तो रोज दवाखान्यात आला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर हसत बाहेर आल्या. "मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. वेळेवर आणलंत, म्हणून वाचली. घरी न्या."

मावशी आत धावली. भाचीला मात्र बाहेरच रडू कोसळलं. छातीवरचा धोंडा उतरला तो डोळ्यांवाटे. त्याने खांद्यावरचा टॉवेल पुढे केला.

"मला... तुम्ही... म्हणजे जिन्यात दिसलात, तेव्हापासून... कसं सांगू..."

एकही वाक्य धड पुरं होईना. टॉवेलआडून ती हसली.

"सावकाश सांग," ती म्हणाली. "मी ऐकतेय."