बंद गाडीतलं घड्याळ

वासुदेव ऑफिसातून येऊन बूट काढतोय तोच त्याच इमारतीत राहणाऱ्या अस्मीचा फोन आला.

"काका, खाली पार्किंगमध्ये या. चोर सापडलाय."

चोर म्हणजे लियाकत, दुबईच्या करामा भागातल्या त्यांच्या इमारतीचा वॉचमन. वासुदेव गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेयर. वीस वर्षं लोकांच्या थापा ऐकून त्याचे कान पिकले होते, त्यामुळे चोर इतक्या लवकर सापडला की त्याला आधी शंका यायची.

अस्मीचे बाबा राजाभाऊ समुद्रातल्या तेलाच्या रिगवर होते. अठ्ठावीस दिवस पाण्यात, अठ्ठावीस दिवस घरी. ते पाण्यात असले की गाडी उन्हात उभी राहायची आणि बॅटरी मरायची. म्हणून त्यांनी जंप-स्टार्टर घेतला होता: डब्याएवढी बॅटरी, तिला लाल आणि काळा असे दोन चिमटे. घरी आले की आधी गाडी जिवंत करायची आणि मग चहा प्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. दोन महिन्यांपूर्वी ते रिगवरच हार्ट अटॅकने गेले. गाडी विकायला काढली होती; उद्या सकाळी मोहिद्दीन नावाचं गिऱ्हाईक ती न्यायला येणार होतं आणि डिकीतला जंप-स्टार्टर गायब होता.

"स्पेअर किल्ली याच्याकडे असते, गाडी धुवायला," अस्मी म्हणाली. "चार ते पाच मी याला घेऊन बिल्डिंग ऑफिसमध्ये होते. किल्ली काढून घेतली. उद्या व्हिसा कॅन्सल, खलास."

लियाकत भिंतीला टेकून उभा होता. "साब, गाँव में सात लोग खाते हैं मेरे ऊपर. राजासाब की चीज़ मैं उठाऊँगा?"

वासुदेव गाडीकडे वळला. त्याने गाडीचं दार उघडलं.

ड्रायव्हरची सीट राजाभाऊंच्या लांब पायांसाठी होती तशीच मागे सरकवलेली. स्टिअरिंगवर धुळीचा थर, त्यावर बोटाचा एक ठसा नाही. शेजारची सीट मात्र स्वच्छ. टेपमध्ये एक कॅसेट अडकलेली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. वासुदेवच्या मनगटावर पाच चाळीस.

"बॅटरी मेली की हे घड्याळ काय करतं?"

"बंद पडतं. करंट आला की परत एकपासून सुरू होतं. बाबा दर वेळी वैतागायचे."

"आणि काल?"

"काल मोहिद्दीन आला तेव्हा टोटल डेड. डिस्प्लेच नव्हता."

"दुसरी किल्ली?"

"घरी. देवघराच्या खणात."

वासुदेवने गाडीचं दार लावलं. आता वर, अस्मीच्या घरी जाणं भाग होतं.

अस्मीच्या आईने, सुचित्रावहिनींनी, चहा टाकला. "एकदाची जाऊ दे ती गाडी, भावजी. डोळ्यांसमोर नको." स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागून एक काळी वायर प्लगपर्यंत आली होती.

"वहिनी, लियाकत निर्दोष आहे," वासुदेव हळूच म्हणाला. "घड्याळ एकपासून मोजत दोन-दहावर आलं. म्हणजे मी पाहिलं त्याच्या सत्तर मिनिटं आधी, साडेचारला, त्या मेलेल्या बॅटरीला कोणीतरी चिमटे लावले. तेव्हा लियाकत अस्मीसमोर ऑफिसात होता, त्याची किल्लीही तिच्याकडे. उरली देवघरातली. शिवाय गाडी चालवायला आलेला स्टिअरिंग धरेल. जो आला तो शेजारी बसला, रोज बसायचा तिथे. तुम्हाला गाडी चालवता येत नाही. पण आधी लाल, मग काळा, हे तुम्ही दर खेपेला पाहिलंय."

"आई?" अस्मी म्हणाली.

सुचित्राने गॅस बंद केला. "बोलणारच होते. लाज वाटली गं. सगळ्यांना सांगून बसले होते, गाडी नको म्हणून. आज शेवटचं म्हणून गेले." तिने तांदळाचा डबा बाजूला करून चार्जिंगला लावलेला जंप-स्टार्टर काढला आणि चहा तसाच टाकून ती खाली उतरली.

आधी ती लियाकतसमोर उभी राहिली. "गलती मेरी है, भाई. अभी ऑफिस में जाकर बोलती हूँ." लियाकत खाली बसला आणि रडायला लागला.

ऑफिसातून परतल्यावर तिने चिमटे लावले. हात सराईत होता. शेजारच्या सीटवर बसून किल्ली फिरवली.

राजाभाऊंचा आवाज आला. सांगलीच्या भावाला ते अजून कॅसेट पाठवायचे, कोणी गावी निघालं की त्याच्या हाती. घरात टीव्हीचा गलबला, म्हणून गाडीत बसून रेकॉर्ड करायचे. ही कॅसेट नीट आलीय का ते बघायला टेपमध्ये घातली आणि अडकली, ती अडकलीच. त्यामुळे ती फक्त इथेच वाजत होती.

"...आंबा मोहरला का ते कळव. अस्मी आता माझ्याहून चांगली गाडी चालवते, पण तिला सांगू नकोस. या खेपेला ठरवलंय, एकदा सुचित्राला... थांब, तीच खाली आली बघ. बाकीचं मग बोलतो."

मग नुसती खरखर.

"दर वेळी इथपर्यंतच येतं," सुचित्रा म्हणाली. "त्या दिवशी मी पाच मिनिटं उशिरा खाली आले असते तर..." 

वासुदेवला रडू आवरेना. त्याने तोंड फिरवलं.

अस्मीने मोहिद्दीनला फोन करून सकाळी येऊ नका म्हणून सांगितलं. मग मागचं दार उघडून ती लहानपणी बसायची तिथे बसली. सुचित्राने टेप मागे फिरवली. ड्रायव्हरच्या सीटवर कोणीच बसलं नाही.