दिलशिकार हातुनच्या भिंतीवरची काच

"आब्ला, परत चुकलीस! 'आठ कोनांचा मकबरा' म्हणायचंय. तू 'आठ कोनाड्यांचा' म्हणालीस!"

नेव्रानं हातातला कागद गुंडाळून, तिला आब्ला म्हणजे ताई म्हणणाऱ्या धाकट्या भावाच्या डोक्यात हाणला. "कोराय, तू तुझं गाणं बघ! माझ्या भाषणात नाक खुपसू नकोस!"

तुर्कस्तानातल्या बुर्सामधला दिलशिकार हातुनचा, म्हणजे दिलशिकार बेगमेचा मकबरा दोन वर्षं डागडुजीसाठी बंद होता. शनिवारी सकाळी दहा वाजता तो उघडणार होता. घुमटाखाली साठ मुलं गाणार होती आणि दहा वर्षांचा कोराय पहिल्या रांगेत उभा राहणार होता. त्याआधी नेव्रा पाहुण्यांना मकबऱ्याची माहिती सांगणार होती. शेजारच्या संग्रहालयानं सुट्टीत काही शाळकरी मुलांना 'छोटे वाटाडे' केलं होतं. तेरा वर्षांची नेव्रा आणि तिच्या वर्गातला तुंच त्यांच्यापैकीच.

"ए, हे काय लावून घेतलंस?" तुंचनं कोरायचं कोपर धरलं. बाही पांढरीफटक झाली होती.

"मी फक्त भिंतीला टेकलो!"

नेव्रानं वळून पाहिलं. तिघंही सरावासाठी मकबऱ्यातच आले होते. पूर्वेच्या खिडकीजवळ निळ्या नक्षीदार फरश्यांमधून एक बारीक भेग खाली उतरत होती. भेगेवर काचेची बोटभर पट्टी आडवी बसवलेली होती, दोन टोकांना प्लास्टरचे दोन गोळे. एका गोळ्यावर खिळ्यानं तारीख कोरली होती: ३ मे.

तिनं गोळ्याला बोट लावलं. बोट ओलं झालं!

"तुंच, आज किती तारीख?"

"सोळा जुलै. का गं?"

"मे महिन्यातलं प्लास्टर जुलैत ओलं कसं?"

शेजारच्या भूखंडावर नव्या इमारतीचा खड्डा खणला जात होता. तिथल्या पाणी उपसणाऱ्या पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

तुंचचे आजोबा जन्मभर पाथरवटाचं काम केलेले. सगळी गल्ली त्यांना देदे, म्हणजे आजोबा म्हणायची. मांडीचं हाड मोडल्यामुळे ते महिनाभर खाटेवर होते आणि त्यामुळे भयंकर चिडचिडे झाले होते. पण मुलांचं बोलणं ऐकताच त्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"ती काच भिंतीची नाडी आहे, पोरांनो. भिंत हलली की भेग रुंदावते आणि काच तुटते. म्हणजे कुणीतरी तुटलेली काच काढलीय, नवी बसवलीय आणि वर जुनी तारीख कोरलीय!"

"पण असं कोण करेल?" नेव्रानं विचारलं.

"ज्याला भिंत हललेली नकोय तो!" देदेंनी ताबडतोब संग्रहालयाला फोन लावला. बोलता बोलता त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. फोन ठेवत ते म्हणाले, "उपव्यवस्थापक मुफित बेय होते. म्हणतात, सगळं ठणठणीत आहे उस्ताद, तुम्ही आराम करा. आराम करा म्हणे!"

शुक्रवारी सकाळी काच कोण बदलतं ते पाहायला तिघंही सरावाच्या तासभर आधीच मकबऱ्यात शिरले. कार्यक्रमासाठी आणलेले गालिचे गुंडाळून भिंतीशी उभे केले होते. त्यांच्यामागे जेमतेम तिघं मावतील एवढीच जागा होती.

"तुझा गुडघा माझ्या पोटात घुसलाय!" कोराय कुजबुजला.

"मग पोट आत घे. श्श!"

दार करकरलं. मुफित बेय, म्हणजे मुफितसाहेब, आत आले, अगदी इस्त्रीच्या सुटात. हातात मात्र दह्याचा रिकामा डबा होता आणि डब्यात कालवलेलं प्लास्टर. त्यांच्या मागून म्हातारे पहारेकरी रेजेप आम्जा, म्हणजे रेजेपकाका, आले.

"परत तुटली, बेय. या आठवड्यातली ही तिसरी," रेजेप आम्जा हलक्या आवाजात म्हणाले. "माझं ऐका, व्यवस्थापिका शर्मिन हानिमना सांगू या."

"आणि कार्यक्रम तिसऱ्यांदा पुढे ढकलायचा? सगळं शहर हसेल आपल्याला! साडेपाचशे वर्षं उभा आहे हा घुमट. आणखी एक दिवस उभा राहील. सोमवारी मी स्वतः अभियंत्यांना बोलावतो. आण ती काच इकडे!"

शनिवारी इथे साठ मुलं उभी राहणार होती आणि त्यांत तिचा कोराय होता. अंधारात तिनं त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला. एरवी त्यानं लगेच झिडकारला असता. आज त्यानंही धरून ठेवला.

मुफित बेय गेल्याबरोबर तिघं धावत सुटले ते थेट व्यवस्थापिकाबाई शर्मिन हानिम यांच्या खोलीत. त्या एका कानाला फोन लावून दुसऱ्या हातानं निमंत्रणपत्रिका चाळत होत्या. मुलांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. हानिमनी कसंबसं ऐकून घेतलं आणि मुफित बेयना बोलावलं. सगळे मकबऱ्यात गेले.

"बघा ना, हानिम!" मुफित बेय हसत म्हणाले. "काच अखंड आहे. तारीख तीन मे. उन्हाळ्याची सुट्टी, मुलांना काहीतरी रहस्य हवं असतं!"

"प्लास्टरला हात लावून बघा!" तुंच ओरडला.

"भिंतीला कुणीही हात लावायचा नाही, हे वाटाड्यांना मी सांगायला हवं का?" शर्मिन हानिमचा फोन पुन्हा वाजला. "नेव्रा, तू शहाणी मुलगी आहेस. जा, भाषण पाठ कर."

बाहेर येताच कोरायनं पायरीला लाथ मारली आणि अंगठा धरून एका पायावर नाचला. "आता काय?"

"आता आपलीच काच लावायची," नेव्रा म्हणाली. "जिथे मुफित बेय बघणार नाहीत तिथे."

तुंचच्या सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत काचेच्या पातळ पट्ट्या होत्या. देदेंनी खाटेखालच्या पेटाऱ्यातून मूठभर प्लास्टर दिलं आणि तीनतीनदा बजावलं, "गोळे भेगेच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसले पाहिजेत. आणि तारखेबरोबर वेळही कोरा! वेळ नसली तर कोण विश्वास ठेवणार?"

ती भेग खाली येता येता खिडकीच्या उघड्या लाकडी झडपेमागे दडली होती. दुपारी कोरायनं दारात उभं राहून गाण्याचा सराव इतक्या मोठ्यानं केला, की रेजेप आम्जांनी कानावर हात ठेवले. तेवढ्या वेळात नेव्रा आणि तुंचनं झडपेमागे दोन पट्ट्या बसवल्या. तुंचनं खिळ्यानं कोरलं: १७ जुलै, ३ वाजून १० मिनिटं.

शनिवारी सकाळी पावणेदहाला गाणारी मुलं बूट दाराबाहेर काढून घुमटाखाली रांगेत उभी राहिली. पाहुणे फाटकापाशी जमत होते. तुंच झडपेमागे डोकावला आणि धावत परत आला.

"खालची दुभंगलीय. वरची अजून शाबूत आहे."

नेव्रा फाटकाकडे धावली. शर्मिन हानिम पाहुण्यांच्या गराड्यात होत्या. नेव्रानं हाक मारली, तर कुणीतरी तिला हळूच बाजूला सारलं. "भाषण आहे ना तुझं? तोंड पूस आणि जागेवर जा," मुफित बेय दटावत म्हणाले.

ती परत वळली. ओरडावं का? दार अरुंद, मुलं साठ! एकच किंकाळी फुटली असती आणि मुलं एकमेकांच्या अंगावर पडली असती. आणि नाही ओरडलं, तर?

तिची नजर दाराबाहेरच्या बुटांवर गेली.

"तुंच! सगळे बूट अंगणातल्या चिनाराखाली नेऊन टाक. जोड्या लावत बसू नकोस. ढीग कर!"

तुंच टोपलीत बूट भरायला लागला. दारावर रेजेप आम्जा उभे होते. त्यांनी बुटांकडे पाहिलं, मग नेव्राकडे, मग घुमटाकडे. सावकाश वळून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "मला काही दिसत नाही हो," ते पुटपुटले. "म्हातारे डोळे."

नेव्रा आत गेली. आवाज तिनं वाटाड्याचा काढला. "ऐका! आधी अंगणात फोटो! बूट चिनाराखाली आहेत. पहिली रांग आधी, मग दुसरी. ढकलाढकली नको, कोराय पुढे चालेल!"

कोरायनं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि काही न विचारता चालायला लागला. पाच रांगा, बारा बारा मुलं. नेव्रा एकेक डोकं मोजत होती. शेवटची छोटी मुलगी दारात मोजा वर ओढायला थांबली, तेव्हा नेव्रानं तिला उचलूनच बाहेर नेलं.

"हे काय चाललंय?" मुफित बेय धावत आले. "कुणी सांगितलं फोटोचं? सगळ्यांनी आत चला!"

पण आत जाणार कोण? चिनाराखाली एकशेवीस बुटांचा डोंगर होता आणि साठ मुलं त्यात हात घालून भांडत होती. "हा माझा!" "नाही, माझा!" "तुझे दोन्ही डावे आहेत!"

"माझा उजवा बूट चोरीला गेला होऽऽ!" कोरायनं गळा काढला. त्याचा उजवा बूट त्याच्या शर्टाखाली होता.

गोंधळ ऐकून शर्मिन हानिम आल्या. मागून पाहुणे. "नेव्रा!" त्यांचा आवाज धारदार होता. "हा काय तमाशा आहे?"

"हानिम, आम्ही झडपेमागे दोन काचा बसवल्या होत्या. काल तीन वाजून दहा मिनिटांनी. खालची तुटलीय. मला शिक्षा करा, पण आधी बघा!"

"पोरखेळ!" मुफित बेय म्हणाले. पण ते कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हते.

"पोरखेळ नाही, हानिम," रेजेप आम्जा पुढे आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घट्ट धरली होती. "या आठवड्यात तीन काचा तुटल्या. प्लास्टर कालवायला पाणी मीच आणून दिलं."

शर्मिन हानिम एकट्याच मकबऱ्यात गेल्या. नेव्रा उंबऱ्यापाशी थांबली. त्यांनी झडप हळूच पुढे ओढली आणि वाकून पाहिलं.

टिक्!

आवाज एवढासाच होता, पण उंबऱ्यापर्यंत स्पष्ट आला. वरची पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर तडकली होती. शर्मिन हानिम पाठ न वळवता एकेक पाऊल मागे टाकत बाहेर आल्या आणि नेव्राला छातीशी धरून पायऱ्या उतरल्या.

"सगळे फाटकाबाहेर! शेजारच्या खड्ड्यातला तो पंप बंद करायला सांगा! आत्ताच्या आत्ता!"

शेवटची मुलं फाटकातून बाहेर पडत होती, तेवढ्यात मागे धप्प असा आवाज झाला. उघड्या दारातून पांढरी धूळ बाहेर आली. घुमटाच्या कडेचा नक्षीदार गिलावा खाली कोसळला होता. परातीएवढा तुकडा लाल गालिच्यावर पडला होता, पहिल्या रांगेच्या जागी.

कोरायनं शर्टाखालून बूट काढला, घातला आणि मुकाट्यानं बहिणीला चिकटून उभा राहिला.

अभियंते दुपारपर्यंत आले. घुमटाला लोखंडी टेकू लागले. शेजारच्या खड्ड्यातल्या पाण्याच्या उपशामुळे मकबऱ्याखालची जमीन खचत होती. पंप बंद पडला तो बंदच राहिला. मुफित बेयना चौकशीसाठी बोलावलं गेलं. जाता जाता ते मुलांपाशी थांबले. सुटावर धूळ होती. "मला खरंच वाटलं होतं, एकच दिवस तर आहे," ते म्हणाले.

शर्मिन हानिम पायरीवर मुलांच्या शेजारीच बसल्या. "काल मी काचेकडे बघितलं," त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडांकडे बघितलंच नाही. तुम्ही तिघं नसतात तर..." त्यांनी डोळे पुसले. "मुलांनो, माझं चुकलं. आणि तुम्ही जे केलंत, ते या संग्रहालयातल्या एकाही मोठ्या माणसाला जमलं नाही."

"रेजेप आम्जांना जमलं," नेव्रा म्हणाली. "थोडं उशिरा."

गाणं त्याच संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या बागेत झालं. देदेंनी हट्टानं चाकाच्या खुर्चीतून स्वतःला तिथे आणवलं. नेव्राला भाषणातली सगळी वाक्यं विसरायला झाली, म्हणून तिनं दिलशिकार हातुनच्या घुमटाबद्दल जे मनात आलं ते सांगितलं.

देदेंनी आयुष्यात कुणाचं तोंडभर कौतुक केलेलं तुंचला आठवत नव्हतं. भाषण संपल्यावर त्यांनी नेव्राला जवळ बोलावलं आणि तिचा हात आपल्या खरबरीत हातात घेतला.

"भिंत काय म्हणते ते ऐकायला शिकायला मला वीस वर्षं लागली होती," ते म्हणाले. "तुला तीन दिवस लागले."