शोधकाचा रकाना

ओट्यावर उपडी घातलेली ओली वाटी घसरली आणि टण्णकन वाजली. भर दुपारच्या शांततेत शाल्मली दचकली. आतल्या खोलीत पाच वर्षांच्या रेवाने कूस बदलली, पण उठली नाही.

लॅपटॉपच्या पडद्यावर सबनीस मॅडम वाट बघत होत्या. त्यांच्या पेटंट फर्ममध्ये रुजू होऊन शाल्मलीला आठवडाच झाला होता. पहिली फाइल उघडली, तर शोधकाच्या रकान्यात तिच्याच नवऱ्याचं नाव. निषादला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"बाळाबरोबर वाढणारी हृदयझडप," मॅडम म्हणाल्या. "गेल्या महिन्यात सुचली. त्याच्या मनप्रतीला."

मरण्याआधी निषादच्या मेंदूची सगळी जोडणी त्याच्या कंपनीने यंत्रात उतरवून घेतली होती. ती मनप्रत अजून विचार करत होती.

"यंत्राला पेटंट मिळत नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "मेलेल्या माणसाच्या शोधाला मिळतं, पण तो जिवंतपणी सुचलेला हवा, आणि अर्ज वारसाचा."

"म्हणून घेतलंत होय मला? मला वाटलं, मार्क बघून!"

"मार्कही बघितले गं. खोटं कशाला सांगू? पेटंट नसेल, तर कंपनी महिनाअखेरीला मनप्रत बंद करणार आहे. त्याच्याशी बोल, मग ठरव."

त्यांनी मनप्रतीशी जोडणी करून दिली.

"निषाद, झडप तुला दवाखान्यातच सुचली होती ना? हो म्हण."

"नाही गं शालू. तेव्हा कुठलं डोकं चालायला! रेवा आता केवढी झाली असेल, याचा विचार करत होतो. फ्रॉक आखूड झाले असतील, चपला लहान झाल्या असतील. त्यातून सुचलं, की झडपही वाढायला हवी."

तिने पदर तोंडाशी धरला. तो अजून विचार करतो, हे खरं लिहिलं की तो संपणार. तो राहायला हवा असेल, तर तिनेच लिहून द्यायचं, की तो संपला.

तिने प्रतिज्ञापत्र टंकलं: 'मृत्यूनंतर शोधकाला नवीन काहीही सुचलेले नाही. मनप्रत केवळ जुने आठवते.' खाली सही केली.

"शालू, काय लिहिलंस?" निषादने विचारलं. तिने जोडणी तोडली.

दारात रेवा उभी होती. केस विस्कटलेले, डोळे टक्क उघडे.

"बाबांचा आवाज होता," ती म्हणाली. "आई, बाबा अजून माझा विचार करतात?"